रोह्याहून आलेलं चौदा फुटी मशीन

पेण, सोमवार, दुपारची भांडी झाल्यावर

काळुराम भाऊजी,

नमस्कार करावा तर नात्याने मी थोरली, आशीर्वाद द्यावा तर वयाने तुम्ही माझ्याहून चार महिन्यांनी मोठे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनचा हा घोळ आहे, आणि आता दोघांच्या तोंडात मिळून एक बत्तीशी भरणार नाही तरी तो सुटलेला नाही. तेव्हा दोन्ही अर्धं अर्धं घ्या आणि पुढे वाचा. गुडघा कसा आहे? सरूचा खोकला गेला का? (तिला म्हणावं, अडुळसा उकळून घे, डॉक्टरच्या गोड बाटल्या पिऊन खोकला मुक्कामाला राहतो, पाहुण्याला रोज गोड केल्यासारखा.) यापुढे इकडील सर्व क्षेम असं लिहायची रीत आहे. पण इकडे काही क्षेम नाही. आठ दिवस माझ्या पोटात भात ठरत नाही, आणि शेजारची पिठाची गिरणी चालू झाली तरी माझ्या हातातलं भांडं पडतं.

फोन केला असता. पण तुम्ही तीस वर्षं कारखान्यात राहून कान घालवून बसलात. फोन स्पीकरवर लावता आणि “काय? काय म्हणतेस वहिनी?” असं ओरडता की तुमच्या अंबरनाथच्या अख्ख्या चाळीला तर कळतंच, इकडे आमच्या ऋतुजालाही स्वयंपाकघरात ऐकू येतं. आणि हे ऋतुजाच्या कानावर जायचं नाही. म्हणून तिसरी शिकलेल्या बाईने कागद धरला आहे. वेलांट्या चुकतील. तुम्ही मास्तर नाही, चुकलेल्या वाचा. शेजारची नमिता उद्या अंबरनाथला बहिणीकडे चालली आहे, तिच्या हाती देते. तिला चहा पाजा. (साखर बेताची घाला, तिला आहे तेवढी पुरे आहे.)

ऋतुजा म्हणजे आपल्या अमोलची थोरली, तुम्ही तिच्या बारशाला आला होता आणि झोपला होता. तिने आयटीआयला टर्नरचं शिक्षण घेतलं तेव्हा वर्गात तेवीस पोरगे आणि ही एक. मी म्हटलं, दोन महिन्यांत कंटाळेल. ती पहिली आली. मग नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत चार वर्षं शिफ्ट केली. मी म्हटलं, लग्न ठरलं की सोडेल. तिने सोडली खरी, पण लग्नासाठी नाही, स्वतःचं वर्कशॉप टाकायला. खाडीत होड्या आहेत, होडीच्या पंख्याला लांब शाफ्ट म्हणजे दांडा लागतो, तो या बाजूला कोणी करून देत नाही, माणसं मुंबईला हेलपाटे घालतात. म्हणून हिला लोखंड फिरवून कापायचं लांब लेथ हवं. लहान लेथवर लांब शाफ्ट चढत नाही, पाळण्यात नवरा झोपवावा तसं ते होतं. नवं लांब मशीन घ्यायची आमची ऐपत नाही, तेव्हा जुनं शोधायचं. अमोलला विचारलं तर तो म्हणतो, “तिची ती बघंल, मला त्यातलं काय कलतं?” बाप असा, आजा गेलेला. उरले कोण? मी.

आता मला कशाची भीती वाटते ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुम्ही सोयीचं तेवढं विसरता. तुमच्या थोरल्या बंधूंची (नाव मी ते होते तेव्हा घेतलं नाही, आता कशाला घेऊ) बाही कारखान्यातल्या लेथने ओढली तेव्हा मी डबा घेऊन दारातच उभी होते. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. उजव्या हाताची अडीच बोटं गेली आणि डब्यातली आमटी माझ्या पायावर सांडली, ती पोळली हे मला संध्याकाळी कळलं. मालक भला, त्याने यांना गेटवर बसवलं आणि मला शेडमध्ये झाडायला ठेवलं. अकरा वर्षं मी लोखंडाचा कीस झाडला, रॉकेलच्या फडक्याने मशिनी पुसल्या. मला लेथ चालवता येत नाही. पण म्हशीचं दूध न काढताही म्हैस आजारी आहे हे कळतं, तसं मला लेथचं कळतं. आणि आमच्या ऋतुजाची वेणी कमरेखाली जाते, भाऊजी. ती म्हणते टोपीत घालते. मी पाहिलं आहे, टोपीतून शेपूट बाहेर येतं. फिरत्या चकाला, म्हणजे ज्या जबड्यात लोखंड धरून गरागरा फिरवतात त्याला, काय वेणी आणि काय बाही. त्याला डोळे आहेत का?

तर गेल्याच्या गेल्या रविवारी आम्ही दोघी एसटीने रोह्याला उतरलो आणि पुलावरून पलीकडे अष्टमी गावात गेलो. तिथे एक शेड बंद पडली आहे. मालक वारला, मुलं दूरदेशी, आणि गोविंदा नावाचा त्यांचा जुना मुकादम मशीन विकायला बसला आहे. ऋतुजाला वाटलं आजी सोबतीला आली. मी सोबतीला नव्हते आले. मी खोड काढायला आले होते. मनात म्हटलं, जुनं मशीन म्हणजे जुना नवरा, खोड निघाल्याशिवाय राहत नाही. एक सापडली की हे स्थळ मोडून टाकू, दुसरं सापडेपर्यंत पोरीचं मन फिरेल.

ते मशीन पाहिलं. चौदा फूट लांब. साडेतीन टन वजन म्हणे. ओहोटीला चिखलात होडी रुतून बसावी तसं ते शेडच्या मधोमध बसलेलं, आणि चक एवढा मोठा की त्यात मी, तुम्ही आणि सरू मिळून मावलो असतो. (सरूला वाचून दाखवताना हे वाक्य गाळा.) गोविंदाने त्याला अंगभर पोपटी रंग फासला होता. रंग बघून माझ्या जिवात जीव आला. रंगवलेलं मशीन आणि पावडर फासलेली नवरी, दोघांच्या घरच्यांना काहीतरी लपवायचं असतं. गोविंदा म्हणाला, “आजी, जर्मन मशीन हाय. अस्सल.” मशीनच्या अंगावरची कंपनीच्या नावाची पट्टी कुठे आहे, तर ती नव्हती, नुसती चार भोकं. ऋतुजाने पिशवीतून पत्र्याचा तुकडा काढला आणि मशीनच्या पायावरचा रंग खरवडला. ओतीव लोखंडातच अक्षरं उठलेली असतात, ती पट्टीसारखी कोणी काढून नेऊ शकत नाही. तिने वाचलं आणि हसली. मशीन पंजाबात ओतलेलं. गोविंदा काय म्हणतो, “जर्मनीहून पंजाबात आला आसंल.” मी म्हटलं, “आणि तू रोह्यातून विलायतेला जाऊन आलास आसशील.” मग ऋतुजाने हँडलवरचे आकडे पाहिले, ते सगळे इंचात. म्हणाली, पन्नास-साठ वर्षांचं तरी आहे. म्हणजे मशीन अमोलहून थोरलं. मी खूश. म्हाताऱ्या मशीनला दुखणी असणारच.

आता ऐका माझी फजिती. आधी मी वर पाहिलंच नाही, खाली पाहिलं. मशीनखाली जुन्या तेलाचा डाग होता, पण थारोळं नव्हतं. म्हणजे गळत नाही. मग बेड पाहिला, म्हणजे ज्या लांब रुळांवर सगळं सरकतं तो. लेथचा बेड नेहमी चकाजवळ झिजतो, कारण सगळं काम तिथेच चालतं, आणि पलीकडचं टोक नव्या नवरीसारखं कोरं राहतं. मी चकापासून नख ओढत गेले. नख अडेल तिथे पायरी, पायरी म्हणजे झीज. नख कुठे अडेना. ऋतुजाने झीज मोजायचं काट्याचं घड्याळ लावून तेच मोजलं (तिच्या चार वर्षांच्या नोकरीतली तेवढीच एक वस्तू घरी आली) आणि म्हणाली, “आजे, केसाएवढंच हाय गो.” मी म्हटलं, कोणाच्या केसाएवढं, तुझ्या की माझ्या? मग सरकणारा गाडा चकाजवळ घट्ट करून टोकापर्यंत फिरवला. झिजलेल्या मशीनवर तो टोकाला जाऊन अडकतो. हा आंब्याच्या रसात चमचा फिरावा तसा गेला. ऋतुजाने चकात पाइप धरून वर उचलून पाहिला, आतला दांडा हलतो का. तो हलला नाही. माझं काळीज हलत होतं.

आणि सगळ्यात वाईट ते शेवटी दिसलं. मशीनच्या डाव्या डोक्यावर, ज्याच्या पोटात दात्यांची चाकं असतात त्यावर, तळहाताएवढी जागा गोविंदाने रंगवलीच नव्हती. तिथे हळदकुंकवाचा थर होता, तेलात भिजून काळा पडलेला, नखाने खरवडला तर आत लाल, मग पिवळा, मग परत लाल. दर दसऱ्याचा एक थर. रंगारी झाला तरी गोविंदाने देवाच्या जागी ब्रश फिरवला नाही. भाऊजी, मी अकरा वर्षं पाहिलं आहे, ज्या मशीनला दसऱ्याला झेंडू मिळतो त्याला वर्षभर तेलही मिळतं. हे मशीन कोणीतरी जिवापाड सांभाळलं होतं. मी खोड काढायला गेले आणि माझ्याच नखाने मला सांगितलं की याच्यात खोड नाही. ऋतुजाचा चेहरा असा उजळला होता, बोहल्यावर उजळेल की नाही देव जाणे. मला दिसत होता तो चक, ती वेणी आणि त्यांची बाही. आणि घाबरलेली बाई काय करते ते तुम्हाला ठाऊक आहे, ती कारभार करते.

ऋतुजाने त्या डोक्याचं झाकण काढून बॅटरीने आत पाहिलं. वरची चाकं चांगली होती, खालचं एक तेलाच्या गाळात बुडालेलं, ते काही दिसेना. म्हणाली, चालवून आवाज ऐकू. शेडची वीज तोडलेली. गोविंदा बाजूच्या पिठाच्या गिरणीतून वायर ओढायला गेला, ही त्याच्यामागे गेली. झाकण उघडं. मी एकटी. मी बटवा सोडला, एक अख्खी सुपारी काढली आणि चाकांच्या मध्ये टाकली. तेवढ्यात गोविंदा दारात! मी तशीच वाकून हात जोडले. तो भला माणूस काय म्हणाला, “करा आजी करा, देवाला सुपारी दिली पायजे, निघाला आता तो घरातून.” त्याच्या डोळ्यांत पाणी. माझ्या कपाळाला तेल. मी मनात म्हटलं, सुपारी दात्यांत भरडली जाईल, कडकड आवाज येईल, पोरगी म्हणेल दाता तुटलाय, आणि आपण तीनच्या एसटीने घरी. कोणाचं वाईट नाही. सुपारी तर सुपारी.

झाकण लावलं, मशीन हळू चालवलं. कट. कट. कट. चक एक फेरा घेई आणि कट करी. असा स्वच्छ आवाज की मलाच माझं कौतुक वाटलं. गोविंदाचं तोंड पडलं. बिचारा म्हणतो, “कालपरेंत नव्हता ओ हा आवाज!” आता या मशीनची वीज कधी तोडली होती, दोन वर्षांपूर्वी, त्याने काल काय ऐकलं असेल? मी डोळे मिटून, कान लावून, मान हलवली, तुम्ही हलवता तशी, आणि म्हटलं, “दाता गेलाय. आतून मेलंय ते. चल गो ऋतुजा.” पण कार्टी कोणाची नात! ती म्हणाली, बेड चांगला असला की सगळं चांगलं, बेड बदलता येत नाही, दाता काय, चाक बदलू. आणि तुटक्या दात्याच्या नावाने गोविंदाशी घासाघीस करून तिने चार जबड्यांचा दुसरा चक, लांब शाफ्टला मधून आधार देणारा टेकू आणि हत्यारांची अख्खी पेटी फुकट लावून घेतली. मी स्थळ मोडायला गेले आणि हुंडा वाढवून आले.

शुक्रवारी क्रेन आली आणि ते धूड इथे पेणबाहेर भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरलं. खाली सिमेंट ओतलं आहे, ते सुकलं की गुरुवारी पूजा आणि पूर्ण वेगात सुरू. माझं म्हणणं एवढंच, भाऊजी, की तुम्ही तिला फोन करा. तुम्ही निवृत्त फोरमन, तुमचा ती मान ठेवते. (का ते मला माहीत नाही.) सांगा की असल्या मशीनवर बाईमाणसाने उभं राहू नये, सांगा की पंजाबी मशिनींना वारं लागतं, काहीही सांगा, तुम्हाला खोटं चांगलं जमतं. मशीन परत जाऊ दे. ती पुन्हा नोकरीला जाऊ दे. मी पुन्हा जेवू लागेन.

तुमची थोरली (नात्याने) वहिनी,
हौसा

ता. क. सोमवार, दिवेलागणीच्या आधी. वर जे लिहिलं ते अर्धं खरं आहे. अर्धं असं की त्या दिवशी घरी येऊन बटवा उघडला तर अडकित्ता नाही. माझा लोखंडी, वीतभर अडकित्ता, माहेरचा. मी हात जोडून वाकले तेव्हा बटवा उघडा होता, आणि काहीतरी टण् झालं होतं. मला वाटलं झाकणाचा स्क्रू पडला. सुपारी भरडली जाते हो, अडकित्ता नाही भरडला जात. पिठाच्या गिरणीच्या विजेवर मशीन हळू फिरलं म्हणून तो कुठेतरी तळाला निजून राहिला असेल. गुरुवारी मोठी मोटर लागेल, वेग लागेल, तेल उसळेल, तो दात्यांत गेला तर चाकांचे तुकडे झाकण फोडून बाहेर येतील, आणि झाकणासमोर उभं कोण असेल? मी तिला मशीनपासून वाचवायला गेले आणि मशीनच्या पोटात मीच सुरी ठेवून आले. तेव्हा ते फोनचं राहू द्या. तुम्ही स्वतः बुधवारी या. तुमचे पाने आणा, लेथ म्हणजे माझा जुना मित्र, जरा बघतो, असं सांगून झाकण उघडा, अडकित्ता शर्टात घाला, झाकण लावा. तिला कळता कामा नये. मी आत्ताच शेडवर उलथणं घेऊन गेले होते. स्क्रू हलला नाही. उलथणं वाकलं.

ता. क. दुसरा. मंगळवार दुपार. नमिता आज गेली नाही, तिच्या नणंदेचा फोन आला, उद्या जाणार. चिठ्ठी माझ्याकडेच आहे म्हणून पुढचं लिहिते. सकाळी ऋतुजा म्हणाली, सिमेंट सुकलं, आजच रिकामं चालवून बघते, तू ये नारळ घेऊन. गुरुवार म्हणाली होती ना? माझ्या हातून नारळ दोनदा खाली पडला आणि न फोडताच फुटला. शेडवर गेले तर ती वेणी टोपीत कोंबत होती आणि हात मेन स्विचकडे. भाऊजी, मला तुमची वाट बघायला वेळ नव्हता, लाज वाटायलाही नव्हता. मी धावले. (मी धावले हे सरूला सांगा, तिचा विश्वास बसणार नाही.) आणि त्या स्विचच्या खोक्याला पाठ लावून उभी राहिले. ती म्हणाली, “आजे, बाजूला हो गो, काय झालं?” मी म्हटलं, “पयलं झाकण उघड. त्यात माझा अडकित्ता हाय.” मग मी सगळं सांगितलं, सुपारी, नमस्कार, गोविंदाचे डोळे, सगळं. वाकलेल्या उलथण्याचं तिला आधीच कोडं पडलं होतं, ते सुटलं.

तिने झाकण उघडलं, हात कोपरापर्यंत तेलात घातला. (माझं काळीज तिच्या हाताबरोबर खाली गेलं, मशीन बंद होतं तरी.) आधी अडकित्ता निघाला, सरळ, तेल पिऊन चकचकीत. मग सुपारी निघाली. भाऊजी, ती अख्खी होती! ओरखडासुद्धा नव्हता. ती कधी दात्यांत गेलीच नव्हती, थेट तळाच्या गाळात जाऊन बसली होती. मग ती कटकट कसली? ऋतुजाने गाळ काढला, चक हाताने फिरवला, आणि ते बुडालेलं खालचं चाक वर आलं. त्याचा एक दाता गेलेला. नवा तुटलेला नाही, तुटल्या जागी तेल मुरून काळंभोर. कधीचा गेलेला असेल. म्हणजे मी डोळे मिटून जे खोटं सांगितलं ते खरं होतं, आणि सुपारीचं कर्तृत्व म्हणून जे मिरवलं त्यात सुपारीचा काही संबंध नव्हता. गोविंदाला तर अजून वाटतं आहे की देवाने सुपारी घेतली नाही म्हणून मशीन रुसलं.

मला वाटलं, आता ओरडेल. ती तिथेच बेडवर बसली आणि हसायला लागली, हसता हसता डोळे पुसले, तर डोळ्यांना तेल लागलं, मग खरंच रडली. म्हणाली, “एवढी घाबरतेस तर मला सांगायचंस ना गो. मी पन घाबरते. रोज.” मी म्हटलं, मग करतेस कशाला? तर म्हणे, घाबरते म्हणूनच तिची अजून दहा बोटं आहेत, नागोठण्याला जो पोरगा घाबरत नव्हता त्याची नऊ. ते तुटकं चाक फक्त सर्वांत हळूच्या वेगाला लागतं म्हणे, तोवर बाकीच्या वेगांवर चालेल, आणि नवं चाक ती स्वतः करणार. तुमच्या मदतीची गरज नाही असं तिने सांगितलं आहे. मी नाही सांगितलं. मी फक्त लिहिलं.

मग तिने मशीन चालू केलं. मी स्विचच्या खोक्याजवळच उभी. पहिल्यांदा मी ते चौथ्या फेऱ्याला बंद केलं. का, विचारलं तिने, मी म्हटलं उगाच. दुसऱ्यांदा तिची टोपी हलल्यासारखी वाटली, बंद केलं. तिसऱ्यांदा शिंक आली तिला. सातव्यांदा ती म्हणाली, आजे, अशाने शाफ्ट पुढच्या दसऱ्याला होईल. पण मला बाजूला नाही केलं. उलट म्हणाली, रोज यायचं, इथेच उभं राहायचं, मी फिरत्या लोखंडाकडे बघते, तू माझ्याकडे बघ. भीती काही गेली नाही, भाऊजी. पण घरी बसून तिच्याशी भांडत होते, ती भीतीच आता कामाला लागली आहे.

ता. क. शेवटचा, आणि हेच काम होतं, बाकीचं कागद भरायला. हा जुना स्विच उंचावर आहे, खाली ओढायचा, लोखंडी, जड. माझा हात वर पोचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन जाईल. ऋतुजा म्हणते हल्ली लाल बटणं येतात, पावसाळ्यात अळंबी उगवते तशी टपोरी, हाताने, कोपराने, ढुंगणाने, कशानेही दाबलं की अख्खं मशीन जागच्या जागी थांबतं. ती लावणारच होती, पण सावकाश, पुढच्या महिन्यात. मला पुढचा महिना नको. तुमच्या अंबरनाथला अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत. गुरुवारी पूजेला याल तेव्हा सर्वांत मोठं मिळेल ते घेऊन या. माझ्या कमरेच्या उंचीला लावायचं, मोजून ठेवलं आहे, दोन फूट नऊ इंच. मशीनही इंचातलंच आहे. दोन आणा. पहिलं मी पहिल्याच दिवशी मोडणार आहे.